जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च शांतपणे बघायचंय, कधी जावं?

सातारकरीण: पुढच्या आठवड्यात आईला घेऊन गोव्याला चाललेय, मुक्काम पणजीत. तिला बीचचं काही नाही, बॉम जीझस तेवढं बघायचंय. आम्ही दोघी कधीच चर्चच्या आत गेलेलो नाही त्यामुळे जरा दडपण आलंय. चपला काढायच्या का, प्रार्थना चालू असली तर आत गेलेलं चालतं का, आणि गर्दी कधी नसते?

मांडवीकाठ: दडपण कशाला, खुशाल जा. चपला काढाव्या लागत नाहीत, फक्त खांदे-गुडघे झाकलेले असू देत. पणजीहून कदंबाची बस पकडा, दहाएक किलोमीटर आहे, सकाळी लवकर गेलात तर टूरवाल्यांच्या बस यायच्या आत निवांत बसता येतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो नको, आणि लोक पुढे जाऊन कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेतात तेव्हा जागेवरच थांबा, ते आपल्या प्रसादासारखं सगळ्यांना नसतं. ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण, असतं आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना, तेव्हा मात्र शांतता विसरा.

दिगंत: एक आधीच सांगतो, नाहीतर आई हिरमुसतील. इथे ठेवलेलं सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रचारकाचं शव जवळून दिसत नाही, चांदीची पेटी खूप उंचावर आहे. दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात, मागचं २०२४-२५ ला झालं. पण म्हणून लगेच बाहेर पडू नका. ती पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली आणि खालचा संगमरवर थेट फ्लॉरेन्सहून आलेला, तिथल्या ड्यूकने पाठवला, १६९८ मध्ये इथे उभा केला. झेवियर गेला १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, आणि इथले लोक अजून त्याला गोंयचो सायब, म्हणजे गोव्याचा साहेब, म्हणतात, हे तिथे बसल्यावर फार जाणवतं मला.

वसईचा: आत जायच्या आधी पाच मिनिटं बाहेर उभं राहून भिंत बघा प्लीज! १५९४ ला काम सुरू झालं, १६०५ ला पूर्ण. सगळा जांभा, हात लावाल तर भोकंभोकं लागतात बोटांना. पूर्वी वर चुन्याचा गिलावा होता, १९५० च्या दशकात तो काढला आणि तेव्हापासून पाऊस थेट दगडावर. गिलावा परत करावा असं माझं ठाम मत आहे, जांभा झिजतो हो. आणि दर्शनी भागातले काळे कोरीव खांब आमच्या वसईकडच्या दगडाचे, इतक्या लांबून नेलेले. मी गेलो की आधी तेच बघतो.

सातारकरीण: खूप आभार सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं, तिचं माहेर रत्नागिरीचं, जांभ्याचंच घर, आता म्हणतेय आधी भिंत बघू मग आत जाऊ. साडेसातची बस मिळते का बघते.