दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर: आठ वर्षांच्या मुलीला कसं पटवावं?

सूरसागरकाठ (बडोदा):
मुलगी आठ वर्षांची. आजोबांनी बुद्धिबळाची देशी पद्धत शिकवली होती (प्यादं एकच घर, राजाला एकदा घोड्याची उडी), आता क्लासमध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळते. पांढरी मोहरी आली की डाव ठरलेला: १. ई४ ई५ २. वजीर एच५ (अक्षर म्हणजे पटाची उभी रेषा, आकडा म्हणजे आडवी; आधी पांढऱ्यांची चाल, मग काळ्यांची). दांडिया बाजारातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांवर चार चालींत मात होते, म्हणून सोडायला तयार नाही. पुढच्या महिन्यात नऊ वर्षांखालच्यांची स्पर्धा आहे. नुसतं "वजीर लवकर काढू नको" म्हणून ती ऐकत नाही. काळ्यांनी नेमकं काय खेळावं, आणि तिला कारण कसं दाखवावं?

तिरका उंट:
आधी काळ्यांची बाजू. २. वजीर एच५ मध्ये अजून मातेची धमकी नाही, ई५ च्या प्याद्यावर मारा आहे आणि त्याला जोर नाही. म्हणून २. ... घोडा सी६ (तीन टिंबांनंतरची चाल काळ्यांची). घाबरून २. ... जी६ केलं तर वजीर ई५ मारून शह देतो आणि त्याच वेळी एच८ च्या हत्तीवर येतो. हत्ती गेलाच. २. ... राजा ई७ केलं तर ३. वजीर ई५ वर थेट मात.

३. उंट सी४. आता एफ७ वर मात आहे, कारण त्या प्याद्याला एकट्या राजाचा जोर असतो. मुलं नेमकी इथे ३. ... घोडा एफ६ खेळून वजिरावर चाल करतात आणि मात खातात. बरोबर चाल ३. ... जी६. मघाशी चुकीची असलेली हीच चाल आता चालते, कारण ई५ ला घोड्याचा जोर मिळालाय. हा फरक पटावर दाखवाच, पाठ करून घेऊ नका. ४. वजीर एफ३ (पुन्हा मातेची धमकी) घोडा एफ६. पुढे उंट जी७, प्यादं डी६, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडे सुरक्षित नेणं).

५. वजीर बी३ करून एफ७ वर पुन्हा मारा केला तर ५. ... घोडा डी४. ६. उंटानं एफ७ मारून शह, राजा ई७. वजिराला हलावं लागतं. ७. वजीर सी४ केलं की ७. ... बी५! त्या प्याद्याला डी४ च्या घोड्याचा जोर आहे. वजिराला आता एफ७ चा उंट सांभाळता येत नाही, तो फुकट जातो.

कॅसलिंग आधी:
कारण दाखवायचं तर वरचा डाव ४. ... घोडा एफ६ वर थांबवा आणि तिलाच मोजायला सांगा. पांढऱ्यांच्या चार चालींतल्या दोन वजिराच्या. बाहेर एक उंट आणि वजीर, आणि जी१ च्या घोड्याचं सगळ्यात चांगलं घर एफ३, तेच वजिरानं अडवलेलं. काळ्यांचे दोन्ही घोडे बाहेर, उंटाला जी७ तयार.

मुलांना हमखास न उमगणारी गोष्ट ही: वजिराला जोर असून उपयोग नाही. वजीर ९, हत्ती ५, उंट-घोडा ३. तीनच्या घोड्यानं चाल केली की नऊचा वजीर पळतोच. म्हणजे समोरच्याचं मोहरं बाहेर आलं आणि आपली चाल वाया गेली.

आजोबांच्या पद्धतीचाही इथे संबंध आहे. देशी डावात प्यादी एकेक घर सरकतात, मारा उशिरा येतो, आणि शह बसायच्या आधी राजाला एक उडी राखीव असते. इथे ती उडी नाही, कॅसलिंग आहे, आणि त्याला एफ१, जी१ रिकामी लागतात. वजीरच फिरत राहिला तर ती रिकामी होणार कधी?

घरी दहा डाव एका अटीवर खेळवा: दोन्ही घोडे, एक उंट बाहेर आणि कॅसलिंग झाल्याशिवाय वजीर हलवायचा नाही, फुकट मोहरं मिळत असेल तेवढा अपवाद. स्पर्धेत हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं, हेही आत्ताच अंगवळणी पाडा.

दांडगा हत्ती:
दादा, अट सरावापुरती ठीक, पण तिला हा कायमचा नियम वाटू देऊ नका. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ एफ६? (प्रश्नचिन्ह म्हणजे चुकीची चाल) ३. घोड्यानं ई५ मारलं आणि काळ्यांनी एफ६ च्या प्याद्यानं घोडा मारला, तर ४. वजीर एच५ शह हीच उत्तम चाल आहे. ४. ... जी६ वर वजीर ई५ मारून शह आणि हत्ती. ४. ... राजा ई७ वर तोच शह, आणि राजा उघड्यावर.

स्कँडिनेव्हियन नावाच्या सुरुवातीतही काळ्यांचा वजीर लवकर निघतो: १. ई४ डी५ २. प्यादं डी५ मारतं, वजीर ते मारतो ३. घोडा सी३ वजीर ए५. ए५ वर त्याला सहज हुसकावता येत नाही, आणि सी७ चं प्यादं सी६ वर सरकवलं की परतीची वाट मिळते. आनंदनं १९९५ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत कास्पारोवविरुद्ध १४व्या डावात हेच खेळलं होतं. तो डाव हरला, पण सुरुवातीमुळे नव्हे. याउलट ३. ... वजीर सी६?? केलं तर ४. उंट बी५, मागे ई८ वर राजा, वजीर गेला. एकाच घराचा फरक!

आणि २. वजीर एच५ अमेरिकेच्या नाकामुरानं २००५ च्या सिगमन स्पर्धेत आपल्या शशिकिरणविरुद्ध खेळून पाहिलं होतं. लांबलेला डाव शशिकिरणनं जिंकला.

सूरसागरकाठ:
मोजणी तिला आवडली, काळ्यांनी स्वतःच खेळून पाहतेय. पण ४. ... घोडा एफ६ नंतर शेजारचा मुलगा ५. जी४ करतो. जी४ चं प्यादं घोड्यानं मारायचं ना?

तिरका उंट:
नाही! तो घोडा एफ रेषा अडवून उभा आहे. हलला की ६. वजीर एफ७ मात. ५. ... घोडा डी४ खेळा: वजिरावर चाल, शिवाय सी२ मारून शह आणि हत्ती अशी धमकी. वजिराला बहुधा डी१ वरच परत जावं लागतं. मग ६. ... डी५ करून मध्य उघडा. आता सी८ च्या उंटाची नजर जी४ वर आहे, आणि पांढऱ्यांचा वजीर सहा चालींनंतर जिथून निघाला तिथेच आहे.