तुपी गाव म्हणे ‘ओसाड माळावर’ वसलं!

मुक्कामपोस्ट: काल इथे कुणीतरी लिहिलं की १९३९ मध्ये सरकारने वसाहतीसाठी धाडलेले ६२ तरुण जहाजाने फिलिपिन्सच्या मिंडानाव बेटावर, सारंगानी उपसागरात उतरले आणि ओसाड माळावर गावं उभी राहिली. राहवेना म्हणून लिहितोय. तिथलंच, माटुटुम डोंगराच्या पायथ्याचं तुपी घ्या. ओसाड? ब्लान आदिवासी तिथे पिढ्यान्‌पिढ्या रान भाजून शेती करत होते. साहेबांना जमिनीचा कागद दिसला नाही, म्हणून माणसंही दिसली नाहीत.

दर्यावर्दी: पुस्तकी बडबड. आमच्या जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, तुपीचा. त्याचे आजोबा दुसऱ्या बेटावरच्या इलोइलोहून आलेले, जमीनदाराचं कूळ. वसाहतीत १२ हेक्टर मिळाले खरे, पण पुरुषभर गवत, हिवताप, आणि तिसऱ्याच वर्षी जपानी! त्या म्हाताऱ्याला चोर म्हणायचं?

मुक्कामपोस्ट: चोर कोण म्हणालं? चोरी कायद्याने केली. १९१९ च्या जमीन कायद्यात इतरांना २४ हेक्टरपर्यंत, ‘बिगर-ख्रिश्चनां’ना, म्हणजे ब्लानसारख्यांना, १०. १९३६ मध्ये त्या १० चे ४ झाले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केसॉनसाहेब, त्यांना उत्तरेच्या लुझोन बेटावरच्या बड्या जमीनदारांना दुखवायचं नव्हतं, मग कुळांना धाडा मिंडानावला!

बुडीतक्षेत्र: कायद्याचं आम्हाला सांगू नका. आमचं गाव धरणात गेलं. बदल्यात जमीन दिली तिथे दुसराच कसत होता. आम्ही बैलगाडी घेऊन गेलो तर तो कुऱ्हाड घेऊन बांधावर उभा. आजी ताबापावती दाखवतेय, तो म्हणतो, चुलीत घाला. त्याचं तरी काय चुकलं? त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

दर्यावर्दी: मोबदला घेतलात ना पण?

बुडीतक्षेत्र: तोंड सांभाळून बोला! त्या पैशात विहीरसुद्धा झाली नाही. वडील शेवटपर्यंत दुसऱ्याच्या शेतात राबले.

चहाटळ: धागा तुपीचा, पाणी धरणाचं. चालू द्या.

दर्यावर्दी: बरं बाबांनो, ‘ओसाड’ नव्हतं. झालं समाधान? पण १९९७ च्या कायद्याने आदिवासींना वडिलोपार्जित जमिनीचे दाखले मिळायची सोय झाली, तेही सांगा की.

मुक्कामपोस्ट: सांगतो. वसाहत झाल्यावर ५८ वर्षांनी झाली. तोवर शेजारच्या पोलोमोलोकात १९६३ पासून डोल कंपनीचे अननस पिकत होते. ब्लान माणूस डोंगरावर, नाहीतर त्याच मळ्यात मजुरीला.

बुडीतक्षेत्र: ५८? म्हणजे आमच्याआधी नंबर लागला.

दर्यावर्दी: अहो, तुमच्या धरणाचा वेगळा धागा काढा ना!