मदत हवी आहे: क्लुजच्या विद्यापीठात ब्रिन्कुश आणि मर्त्सिशोर कार्यक्रम, 27 फेब्रुवारी

सह्यकडा
नमस्कार मंडळी. क्लुज-नापोका (रोमानिया) इथे रोमानियन शिकायच्या पूर्वतयारी वर्षाला आम्ही काही मराठी मुलं-मुली आहोत. फॅकल्टीने शुक्रवारी, 27 फेब्रुवारी 2026 ला, दोन तास दिलेत. आधी शिल्पकार ब्रिन्कुश यांच्यावर सादरीकरण (यंदा जन्माला 150 वर्षं), मग 60 जणांची मर्त्सिशोर (1 मार्चला देतात ती लाल-पांढऱ्या धाग्याची दोरी) कार्यशाळा आणि शेवटी थोडं खाणं. ब्रिन्कुशचा खरा जन्मदिवस 19 फेब्रुवारी, म्हणजे नेमकी शिवजयंती; त्या आठवड्यात सभागृह मिळालं नाही. प्रश्न असे:
1. सादरीकरणात इंदूरच्या होळकरांचा संबंध घ्यावा का, आणि किती?
2. 60 जणांना धागा किती लागेल?
3. पोस्टर, निमंत्रण, फुलं, खाणं यात परदेशी लोक कुठे चुकतात?

उंबरठा
होळकर घ्याच. रोमानियन श्रोत्यांना तिर्गु झिउ (ब्रिन्कुशचं स्मारक असलेलं गाव) पाठ असतं, इंदूरचं नाव पुसट ऐकलेलं असतं. पण सरळ तथ्यं सांगा. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्रिन्कुशचे 'अवकाशातला पक्षी' मालिकेतले तीन पक्षी घेतले: एक कांस्याचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. या पक्ष्यांसाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं ठरत होतं. ब्रिन्कुश 1937-38 च्या हिवाळ्यात त्यासाठी इंदूरला जाऊनही आले, पण मंदिर झालंच नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, कांस्याचा अमेरिकेत पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. महाराणी संयोगिताबाई (माहेर कागलचे घाटगे) जुलै 1937 मध्ये गेल्या, म्हणून 'पत्नीच्या स्मरणार्थ मंदिर' अशी गोष्ट रंगवून सांगतात. मंदिराची बोलणी त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती. ताजमहालाची उपमा तर कृपा करून नको.

दुसरी बाजू तिर्गु झिउची. अंतहीन स्तंभ 1937 मध्ये उभा राहिला आणि चुंबनद्वार, मौनाचं मेज यांच्यासह सगळ्याचं उद्घाटन 27 ऑक्टोबर 1938 ला झालं. इंदूरची फेरी बरोबर या दोहोंच्या मधली. हा कालक्रम एका स्लाइडवर मांडलात तर तेवढंच सादरीकरण पुरे. बारा मिनिटांवर जाऊ नका. आणि हे स्मारक पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांसाठी आहे हे विसरून 'सुंदर बागेतली शिल्पं' म्हणालात तर पहिल्या रांगेतले प्राध्यापक हळूच एकमेकांकडे बघतील.

चौकट
मंचावर अंतहीन स्तंभाची कागदी प्रतिकृती करा, कार्यशाळेतच होईल. स्तंभ म्हणजे एकावर एक रचलेली सारखी एककं. मूळ एकक 45 सेंमी (अरुंद कडा), 90 सेंमी (रुंद मध्य), 180 सेंमी (उंची), म्हणजे 1:2:4. दहाव्या भागाने घ्या: 4.5, 9 आणि 18. सात पूर्ण एककं आणि वर एक अर्धं, उंची 135 सेंमी. एका एककाला आठ समलंब चौकोन, अर्ध्याला चार, एकूण बरोबर 60. माणशी एक.

चूक होते ती इथे: चौकोनाच्या समांतर बाजू 4.5 आणि 9, पण उंची 9 नाही, 9.28 सेंमी. कार्ड तिरका बसतो, म्हणून तिरकी उंची काढावी लागते. 9 ने कापलं तर एकक 18 ऐवजी 17.4 चं होतं आणि स्तंभ बुटका, पोटाळ दिसतो. 250 जीएसएमचा कार्ड, चिकटवायला 8 मिमीची पट्टी जास्तीची सोडा, आतून 2 सेंमीचा पाइप. रंग पितळी पिवळा. वरचं अर्धं रुंद तोंडावर संपवा. अरुंद करून टोक बंद केलं की अंतहीन काही उरत नाही.

गोधडी
धाग्याचा हिशेब. माणशी लाल 50 सेंमी, पांढरा 50 सेंमी. भरतकामाच्या 8 मीटरच्या लडीत 16 जण बसतात, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 4 लडी; वाया जाणारं धरून 6 घ्या. दोन्ही धागे जोडून एका टोकाला गाठ मारा, ती जोडीदाराला धरायला द्या, दुसरं टोक एकाच दिशेने पिळत राहा. ताण सोडल्यावर धागा स्वतःभोवती गुंडाळू लागला की पीळ पुरेसा झाला. मग मध्यावर बोट ठेवून दुमडा आणि सोडा. आपोआप दुहेरी वळतो, साधारण 20-22 सेंमीचा. पीळ कमी पडला तर दोरी तासाभरात उसवते. नव्वद टक्के तक्रारी तिथल्याच. वाती वळणाऱ्या हातांना हे सांगावं लागणार नाही.

लाल धाग्याला आधी ओलं पांढरं फडकं लावून बघा. रंग सुटत असेल तर मनगटाच्या घामाने पांढरा गुलाबी होतो, आणि लाल-पांढरा हा तर मर्त्सिशोरचा जीव.

'ही इथली राखी' असं मंचावरून म्हणू नका. 1 मार्चला हा सहकारी, शिक्षिका, मैत्रीण, आई, कोणालाही देतात; बहीण-भावाचं नातं त्यात नाही. क्लुजकडे बहुतेक पुरुष स्त्रियांना देतात, तर ईशान्येला मोल्दोवा प्रांतात स्त्रिया पुरुषांनाही देतात. म्हणून 60 जणांनी 60 करून स्वतःच बांधण्यापेक्षा शेजाऱ्याला द्यायला लावा. आणखी एक: युनेस्कोच्या 2017 च्या नोंदीत रोमानियासोबत मोल्दोवा (हा वेगळा देश), बल्गेरिया आणि उत्तर मॅसिडोनियाही आहेत. 'फक्त रोमानियाचा सण' असं पोस्टरवर छापू नका.

सह्यकडा
गोधडीताई, चौकटदादा, खूप आभार. पोस्टरचं आणि खाण्याचं कोणी सांगेल का? आमच्यातला एकजण साबुदाण्याची खिचडी करायची म्हणतोय.

ओवी
खिचडी साजूक तुपातली असेल तर नको. 2026 चा ऑर्थोडॉक्स ईस्टर 12 एप्रिलला, म्हणजे मोठा उपवास 23 फेब्रुवारीपासून लागलेला, शिवाय तुमचा शुक्रवार. पाळणारे मांस, अंडी, दूध, लोणी, तूप काहीच घेत नाहीत. बटाटा, पाव, धान्य, मध चालतं. धान्य आणि दूध-तुपाच्या बाबतीत आपल्या उपवासाच्या अगदी उलट. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, तूप न लावलेली, बिनधास्त ठेवा आणि ताटलीपुढे 'दे पोस्त' (उपवासाचं) अशी चिठ्ठी लावा. दुकानातल्या पाकिटांवरही हेच शब्द दिसतील. दाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी 'शेंगदाणे आहेत' हेही त्याच चिठ्ठीवर.

पोस्टर: रोमानियन लिपीत श आणि त्स लिहिताना स आणि त या अक्षरांखाली स्वल्पविराम असतो, तुर्की पद्धतीचा चिकटलेला आकडा नव्हे. संगणकावर कळफलक 'रोमेनियन स्टँडर्ड' निवडा. 'लेगसी' निवडलात तर आकड्याचीच अक्षरं उमटतात. काही फॉन्टमध्ये ही अक्षरं नसतात, मग तेवढं एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून येतं आणि शीर्षकात ठळक, वेगळं दिसतं. छापण्याआधी शीर्षक 400 टक्के मोठं करून बघा.

उच्चारात मराठी माणसाला फायदा आहे. मर्त्सिशोरमधला त्स म्हणजे 'चोर', 'चारा' यांतला आपला च. 'चार' मधला च वेगळा, तोही त्यांच्याकडे आहे. हिंदी भाषकाला ही जोडी शिकवावी लागते. ब्रिन्कुश रोमानियनमध्ये लिहिताना शेवटी इ असतो, पण तो जवळजवळ ऐकू येत नाही. 'ब्रँकुसी' म्हटलंत की फ्रेंच वाटतं. 27 फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन आहेच, तर हा च-चा खेळ दोन मिनिटं सूत्रसंचालनात घ्या, भाषणापेक्षा बरा.

फुलं विषम संख्येतच: 3, 5, 7. सम संख्या अंत्यविधीला. फुलवाल्याला 'डझन' म्हणू नका.

उंबरठा
निमंत्रणाचं राहिलं. सभागृहासाठी लेखी अर्ज, म्हणजे 'चेरेरे', डीनच्या कार्यालयात दोन प्रतींत द्या आणि तुमच्या प्रतीवर नोंदणी क्रमांक टाकून घ्या. क्रमांक नसलेला अर्ज कोणी शोधत नाही. प्रोजेक्टर, माइक आणि खाणं ठेवायची परवानगी त्याच अर्जात मागा. नंतर वेगळी मागितली की नवा अर्ज, नवा क्रमांक. पाहुण्यांना 'दुम्नेआवोआस्त्र' म्हणजे आपलं 'आपण'. वर्गातल्या मित्रासारखं 'तु' ईमेलमध्ये गेलं तर उत्तर येईल, पण थंड.

सह्यकडा
अर्ज उद्याच देतो. समलंब चौकोनाची एक पट्टी कापून बघितली, 9.28 ने बरोबर बसतेय. आता पितळी कार्ड शोधायचा.

चौकट
पितळी कार्ड नाही मिळाला तर पिवळा साधा घ्या, चमकणारा सोनेरी नको. फ्लॅशमध्ये एककांच्या कडा दिसेनाशा होतात.