दुकानातला जुना डेस्कटॉप: एसएसडी टाकून चालवायचा की नवाच घ्यायचा?

बार्शीकर:
माझं डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सगळं काम एकाच डेस्कटॉपवर. आय५ ४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, २०१५ ला असेंबल करून घेतलेला. विंडोज १० आहे पण ३२-बिट, कारण पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) जुनं आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा जो डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) आहे तो ६४-बिटवर ओळखतच नाही. सकाळी चालू केला की गिऱ्हाईक समोर ताटकळत बसतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला तेव्हापासून जो तो म्हणतोय काढून टाक, नवा घे. मला हे अजिबात पटत नाही. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिलं सगळं त्यावर होतंय, प्रोसेसरला काही झालेलं नाही. माझं मत, एक एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क), ८ जीबी रॅम आणि चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) टाकला की अजून चार वर्षं सहज निघतात. चालू वस्तू भंगारात का घालायची?

सांगलीकर_हार्डवेअर:
दादा, रोज अशी मशीन दुरुस्त करतोय म्हणून स्पष्ट सांगतो, डीडीआर३ वर आता पैसे घालू नका. ती रॅम उद्या नव्या बोर्डात बसणार नाही, आणि तुमचा बोर्ड गेला तर एच८१ नवा कुणी बनवत नाही, मिळेल तो कुणाच्या तरी मशीनमधून काढलेला. दहा वर्षं व्होल्टेज वरखाली सोसलेला बोर्ड आहे, कपॅसिटर कधी फुगतील सांगता येत नाही आणि ते नेमकं लग्नसराईत होतं. शिवाय ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही, त्यातलीही साधारण सव्वातीन-साडेतीनच हाताशी येते. म्हणजे ८ जीबी टाकून तुम्हाला काडीचा फरक दिसणार नाही.

अक्षरजुळणी:
रॅमचं बरोबर आहे, पण म्हणून मशीनच बदला हे कुठून आलं? मी पण डीटीपीवालीच. तुमची अडचण रॅमची नाहीच, हार्ड डिस्कची आहे. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, तेही फाइल सलग असेल तर, आणि विंडोज चालू होताना शेकडो बारीक फाइली इकडून तिकडून उचलते तिथं तिची पार दमछाक होते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढं जाते आणि एच८१ वर ६ जीबीपीएसचे दोन साटा पोर्ट असतात, त्यामुळं पूर्ण वेग मिळतो. मुख्य म्हणजे डिस्क जशीच्या तशी क्लोन करता येते, पेजमेकर, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर काही परत टाकावं लागत नाही. नव्या मशीनवर विंडोज ११ येणार, ती ३२-बिटमध्ये निघतच नाही. मग डोंगल काय कपाटात ठेवायचा का? आणि गेल्या दहा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली उघडायच्या कशात?

ठाणेकर:
सगळे वेगावर बोलताय, मला भीती दुसरीच वाटते. या मशीनवर लोकांचे आधार नंबर टाइप होतात, बँक पासबुकं स्कॅन होतात, महाडीबीटीचे फॉर्म भरताना ओटीपी येतात. पॅच बंद झालेल्या विंडोजवर हे करणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाशी खेळणं आहे, तुमचं स्वतःचं असतं तर काही बोललो नसतो. लगेच करण्यासारखं एक आहे, विंडोज १० चं २२एच२ हे शेवटचं व्हर्जन असेल तर ईएसयूला (सपोर्ट संपल्यावरच्या वाढीव सिक्युरिटी अपडेटला) नोंदणी करा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग सिंक केल्या तर फुकट मिळतं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येत राहतात. पण पुढं काय? तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून सुरुवात. जुगाड करून टाकतात लोक, पण दुकानाच्या मशीनवर मी ते करणार नाही.

बार्शीकर:
ठाणेकर साहेब, ओटीपीचा मुद्दा लागला. पण नवा घ्या म्हणणाऱ्यांनी रॅमचे भाव बघितलेत का हल्ली? एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी ओढून घेतल्यापासून डीडीआर५ दुपटीच्या वर गेली, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. या भावात नवा पीसी घेणं मला मान्य नाही.

सांगलीकर_हार्डवेअर:
नवाकोरा घ्या असं म्हणतच नाही. आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड घ्या, कंपन्यांतून निघालेले, आय५ ८५००, ८ जीबी डीडीआर४ आतच असते, त्यामुळं आजच्या भावाचा फटका पूर्ण बसत नाही. फॉर्म, पेमेंट, ओटीपी सगळं त्यावर. जुना फक्त डीटीपीला, नेट काढून.

अक्षरजुळणी:
हे चालेल, पण घेताना बारका डबा (छोट्या कॅबिनेटचा पीसी) घेऊ नका, त्यांचा एसएमपीएस त्यांचा त्यांचाच असतो, बाजारातला चोवीस पिनचा बसत नाही. टॉवर मिळाला तर बघा. आणि जुन्याला एसएसडी टाकाच, ते मी सोडणार नाही.

ठाणेकर:
दोन मशीन, दोन यूपीएस, पेनड्राइव्हवरून फाइली इकडून तिकडे, त्यातूनच व्हायरस येतो. माझं तरी म्हणणं, पेजमेकरच सोडा. ते २००४ नंतर पुढं गेलंच नाही. इनडिझाइन, कोरल, फुकटातलं स्क्रायबससुद्धा आता युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी) मराठी नीट जोडाक्षरांसकट दाखवतं. डोंगलला बांधून राहिलात तर दर वेळी हाच प्रश्न येणार.

अक्षरजुळणी:
सोडा म्हणणं सोपं आहे हो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला की रफार आणि वेलांट्या हलतात, प्रत्येक ओळ परत वाचावी लागते. ऐन लग्नसराईत ते कोण करणार? नवी कामं युनिकोडमध्ये सुरू करा, जुन्या फाइली जुन्यावरच राहू देत.

बार्शीकर:
ठरवलं. रॅम रद्द, जुन्याला एसएसडी, आणि फॉर्मसाठी आठव्या पिढीचा टॉवर बघतो. ईएसयू आज रात्रीच करतो, टॉवर येईपर्यंत तरी. सांगलीकर, क्लोन करायच्या आधी हार्ड डिस्क तपासायची का?

सांगलीकर_हार्डवेअर:
आधी तपासा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, रीअलोकेटेड सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब झालेल्या जागांचा) आकडा वाढलेला दिसला तर क्लोन करायच्या आधी पत्रिकांचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. खराब डिस्क क्लोन करताना अर्ध्यात बसते.