इंग्लंडमधल्या गावचर्चची जुनी भिंत: चुना की सिमेंट?

चुनेवाला:
कॉट्सवोल्ड्समधल्या चर्चच्या आवाराच्या भिंती मऊ चुनखडीच्या. त्यांच्या दरजा सिमेंटने भरू नयेत. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून सुकतं. ती वाट बुजली की ते दगडातून निघतं, थंडीत गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शेवटी सिमेंटची जाळी तेवढी पुढे, दगड आत झिजलेला. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा. ग्राइंडर नको, कडा फुटतात. एनएचएल ३.५ (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना; आकडा मोठा तितका कडक) १ भाग, धारदार कणांची वाळू ३ भाग. आधी दगड भिजवा, नंतर ओलं गोणपाट. तापमान ५ अंशांखाली असेल तर कामच नको.

हिशोबी:
एवढ्या मऊ दगडाला ३.५ सुद्धा कडकच. एनएचएल २ बघा. आणि मूळ दुखणं दरजांचं नाहीच. शतकानुशतकं दफनं होऊन आतली जमीन रस्त्यापेक्षा वर आली. कुंपणाची भिंत आता मातीचा रेटा पेलते. फुगली असेल तर मागे आरसीसी घ्या, पुढे जुने दगड लावा.

चुनेवाला:
एनएचएल २ मान्य. आरसीसी अजिबात नाही! मागे चर खणला की हाडं निघणार, यू वृक्षाची मुळं तुटणार. फुगलेला तुकडाच उतरवा, दगडांना क्रमांक द्या, आरपार दगड घालून परत रचा. मागे खडी, खाली पाणी निघायला भोकं.

उंबरा:
फाटकाकडे कुणाचं लक्ष नाही. ओकचे खांब काँक्रीटमध्ये रोवले की बुडाशी पाणी साचून कुजतात. कुजका भाग कापून नवा ओक सांधा, खाली दगडी बैठक द्या. बिजागरीचा लोखंडी खुंटा गंजून फुगला की दगडी खांब तडकतो. तिथे स्टेनलेस स्टील.

हिशोबी:
पैसे कोण देणार? सरकारी आदेशाने दफनं बंद झालेलं आवार असेल, तर १९७२च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम २१५ नुसार चर्च ३ महिन्यांची नोटीस देऊन देखभाल पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे गावच्या स्थानिक परिषदेकडे, सोपवू शकतं. भिंती आणि कुंपण त्यात स्पष्ट लिहिलंय. मग स्वस्त सिमेंट भरायचं की नाही, ते कौन्सिल ठरवेल.

चुनेवाला:
नाही ठरवणार. देखभाल सोपवली तरी पवित्र केलेली जमीन चर्चच्या न्यायाधिकारातच राहते. भिंत उतरवायला कौन्सिललाही चर्च न्यायालयाची ‘फॅकल्टी’, म्हणजे लेखी परवानगी लागते. चुन्याचं मिश्रण त्या अर्जातच लिहून टाका.