सेकंडहँड एक्सपल्स की हिमालयन? रोज हिंजवडी, सुट्टीला कच्चे रस्ते

चाकोरीबाहेर
रोज कोथरूड ते हिंजवडी आणि परत. शनिवार-रविवारी पानशेत, वेल्हे, मुळशीकडचे कच्चे रस्ते, धरणाकाठच्या गाडीवाटा, कधी ताम्हिणी. दोन्हींना मिळून एकच मोटरसायकल घ्यायची आहे. बजेट १ लाख १० हजार, ट्रान्सफर, विमा आणि घेतल्यावरचा पहिला खर्च त्यातच बसवायचा. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६८ किलो. मागे सहसा कोणी नसतं.

सध्या तीन जाहिराती डोळ्यासमोर आहेत:
हिरो एक्सपल्स २००, २०२० ची बीएस-६, मागतायत ८२ हजार.
रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, २०१८ ची बीएस-४, एबीएसवाली (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होत नाही), ९५ हजार.
हिरो इम्पल्स, २०१२ ची, ४५ हजार.

कोणती बघायला जावी, आणि बघताना नेमकं काय तपासायचं? शोरूमच्या चेकलिस्टा वाचून झाल्यात, त्यात खड्ड्या-चिखलात वापरलेल्या गाडीबद्दल काहीच नसतं.

दुसरा_गियर
इम्पल्स आधी यादीतून काढा. गाडी हलकी, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) २४५ मिमी, खेळायला मजेची. पण १५० सीसी आणि १३ पीएसवर रोज हायवेला जीव काढेल, आणि बॉडीचे पार्ट शोधत फिरावं लागेल. शिवाय २०१२ ची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२७ ला संपते. मग आरटीओत तपासणी, फेरनोंदणी, पर्यावरण कर. ४५ हजारांत हे सगळं विकत घ्यायचं का?

राहिल्या दोन. तुमच्या वापराला एक्सपल्स, फार विचार न करता. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांचं चाक, सस्पेन्शनचा प्रवास (धक्क्याला चाक किती वर-खाली जातं ते) पुढे १९० आणि मागे १७० मिमी, क्लिअरन्स २२०. वजन १५७ किलो. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. शहरात हे कमी वाटेल, पण मातीच्या उतारावर मागचं चाक मुद्दाम लॉक करता येतं, त्यासाठी कुठलं बटण शोधावं लागत नाही. अ‍ॅव्हरेज ३८ ते ४२ धरा.

उणी बाजू: १८ पीएस. ८०-८५ ला निवांत, त्यापुढे इंजिन ओरडायला लागतं. बावधन ते हिंजवडी एवढ्याला पुरेसं आहे. दर आठवड्याला कोल्हापूर गाठायचं असेल तर नाही.

उंचीची काळजी सोडा. सीट ८२३ मिमी, ५ फूट ६ ला एक पाय पूर्ण टेकतो, दोन्ही टेकवले तर चवडे. सीटचा फोम कापून घेतलेली किंवा खाली बसवलेली गाडी मात्र घेऊ नका. सस्पेन्शनचा प्रवास आणि क्लिअरन्ससाठीच तर ही गाडी घ्यायची.

कातळधार
मी हिमालयनची बाजू मांडतो, कारण इथे ती कायम हरते. २४.५ पीएस, ३२ न्यूटन-मीटर, एक्सपल्सच्या जवळपास दुप्पट टॉर्क. तिसऱ्या गियरमध्ये रांगत चढ चढते, क्लच मारावा लागत नाही. सीट ८०० मिमीच, म्हणजे तुमचे दोन्ही पाय टेकतील. हायवेला १०० ने तासन्‌तास जाते. पुढे कधी मागे बसणारं कोणी आणि सामान आलं तर एक्सपल्स लगेच दमते.

पण २०१८ च्या गाडीत एक अडचण आहे, एबीएस बंद करता येत नाही. मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय २०२० च्या बीएस-६ पासून आली. त्यामुळे बऱ्याच जुन्या गाड्यांत कोणीतरी एबीएसच्या फ्यूजच्या वायरमध्ये चोरून स्विच टाकलेला असतो. तसा दिसला तर जोड नीट सोल्डर केलाय की नुसती टेप गुंडाळलीय ते बघा.

दुसरा_गियर
कातळधार, मुद्दे सगळे मान्य, पण पानशेतच्या मागे लाल चिखलात एकट्याने १९० किलोच्या वरची गाडी उचलायची आहे. तीही उताराकडे तोंड करून पडलेली. प्रश्नकर्त्याचं वजन ६८ आहे. हा ३५ किलोचा फरक कागदावर छोटा वाटतो. चांदणी चौकातल्या गर्दीतही तोच फरक रोज हाताला लागतो.

ग्रीसगन
कोणती घ्यायची हे ठरेल तुमचं, मी फक्त तपासणीचं लिहितो. ऑफरोड वापरलेली गाडी किलोमीटरने मरत नाही, धुळीने आणि पाण्याने मरते. १२ हजार चाललेली धूळ खाल्लेली गाडी ४० हजार चाललेल्या ऑफिसच्या गाडीपेक्षा वाईट. म्हणून मीटर शेवटी बघा.

पहिलं काम एअर फिल्टर. पॅनल उघडून फिल्टर बाहेर काढायला सांगा, मालक कुरकुरला तर तिथूनच नमस्कार. फिल्टरची बाहेरची बाजू मळकी असणारच. बघायची ती आतली, इंजिनकडची. थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढऱ्या फडक्याने पुसा. तांबडी धूळ आली म्हणजे फिल्टर नीट बसलेला नव्हता, किंवा हवा मारून मारून कागद फाटला, आणि ती धूळ थेट सिलिंडरमध्ये गेली. बोअर आणि रिंगा घासलेल्या असतात, बाहेरून कळत नाही. अशी गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

इंजिन थंड असताना पोचा. निघायच्या आधी फोनवर सांगा की आधी चालू करू नका, तरी गेल्यावर क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या भागावर) हात ठेवून बघा. गरम लागलं तर चहा घ्या, थांबा. थंड स्टार्टला टायमिंग चेनचा खडखडाट दोन-चार सेकंदांत थांबला पाहिजे. गाडी गरम झाल्यावर एखाद्या उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गियरमध्ये उतरा आणि खाली आल्यावर एकदम पिळा. मागे निळा धूर दिसला तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ चहासारखा थर म्हणजे पाणी शिरलेलं. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा थर धरतो, तेवढ्याने घाबरू नका, पण काचेतून दिसणारं ऑइलच दुधाळ असेल तर विषय संपला.

कोनसेट, म्हणजे हँडल जिथे वळतं तिथली बेअरिंग. दोन्ही गाड्यांत हा लवकर जातो, खड्डे आणि प्रेशर वॉशर दोन्ही त्याच्या जिवावर. दोन परीक्षा करा. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे ढकला, हेडपाशी बोट लावा, टक् जाणवला तर ढिला. मग इंजिनखाली आधार देऊन पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने डावीउजवीकडे न्या. अगदी मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर बॉलरेसला खड्डे पडलेत. असा कोनसेट आवळून सुटत नाही, बदलावाच लागतो. ‘नुसता टाइट करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे कमी करायला सांगा.

चाक उचललेलंच आहे तर फिरवा. रिमच्या कडेला पेचकस टेकवून धरा, कुठे जवळ येतं, कुठे लांब जातं ते दिसेल. तारांवर पाना वाजवत जा. ताणलेली तार टिंग करते, ढिली थप्प. एखाददुसरी ढिली असेल तर चालतं. चार-पाच सलग ढिल्या असतील तर तिथे रिम दगडावर आपटलीय, टायरखाली चेप शोधा.

फोर्कची (पुढच्या शॉकची) नळी वरून खाली बोटाने चाचपा. ऑइलचं ओलं कडं म्हणजे सील गेलं, ते स्वस्तात होतं. पण नखाला खडबडीत गंजाचे टिपके लागले तर नवं सीलही महिन्याभरात फाटणार.

मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खेळ चाकात आहे की स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशात, हे बघायला दुसऱ्याला स्विंगआर्म धरायला लावा. हिमालयनला मागे लिंकेज (शॉक आणि स्विंगआर्म जोडणारे सांधे) आहे, त्यातल्या नीडल बेअरिंगला ग्रीस मिळत नाही आणि पावसात गंजून बसतात. सीटवर जोरात दाबून सोडा, करकर ऐकू आली किंवा गाडी अडकत वर आली तर लिंकेज उघडायचा खर्च धरा.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चकतीच्या) अगदी मागच्या टोकाला धरून ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेट सेट बाद. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी ढिलाई मोजा, कुठे घट्ट कुठे सैल असेल तरी बादच.

क्लच: टॉप गियर, ४० चा वेग, पूर्ण थ्रॉटल. आरपीएम वर पळाला आणि गाडी मागे राहिली तर प्लेटा गेल्या. चिखलात अर्ध्या क्लचवर खेळलेल्या गाडीत हे हमखास.

शेवटी पडलेल्या गाडीच्या खुणा. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडतं तो स्टॉपर चेपलाय का? फुटपेगचा ब्रॅकेट दोन्ही बाजूंना समान आहे का? कॅरिअर बसवलेला असेल तर सबफ्रेमचे (सीटखालच्या सांगाड्याचे) वेल्डिंगचे जोड टॉर्च लावून बघा, रंगाखालची केसासारखी भेग तिथेच असते. ऑइल कूलरच्या पात्या दगडाने मिटल्यात का? सरळ डांबरी रस्त्यावर ४० ला हात अगदी सैल सोडले की गाडी एका बाजूला ओढते का? ओढत असेल तर फोर्क किंवा चासी वाकडी.

फॉर्म_तीस
कागदांचं थोडं. आरसीवर बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय पैसे देऊ नका. ‘बोजा नंतर उतरवून देतो’ ही थाप आहे असं समजूनच चाला. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्याची पासिंग असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. चासी नंबर स्वतः आरसीशी ताडून बघा, चिखल-गंजाने पुसट झाला असेल तर आरटीओत पेन्सिलची छाप उमटत नाही आणि काम अडतं. तुमच्या यादीतल्या दोन गाड्या १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या आहेत, त्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लागलीय का बघा. ई-चलनं गाडीच्या नंबरवर ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्यालाच भरायला लावा.

विमा नीट वाचा. २०२० च्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी २०२५ मध्ये संपला, पुढचा काढलाय का? आणि पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती आहे बघा. पाच वर्षं क्लेम नसलेल्या गाडीला ५० टक्के असतो. तिथे शून्य असेल तर क्लेम घेतलाय, पॉलिसी मध्ये खंडित झालीय किंवा मालक नुकताच बदललाय, यांपैकी काय ते विचारा. हा बोनस मालकासोबत जातो, तुम्हाला मिळणार नाही.

आणि ताम्हिणीत अभयारण्य आहे. डांबरी सोडून आत गाडी घातली तर वनखातं कारवाई करतं. धरणाकाठची जमीनही बरीचशी कोणाची तरी खाजगी असते, गावात विचारून जा.

चाकोरीबाहेर
सगळ्यांचे आभार. एक्सपल्स बघायला रविवारी जातोय. फोटो आलेत: ३४ हजार किमी, दुसरा मालक, हँडलला रायझर (हँडल उंच करणारा तुकडा), मागचा टायर नवा, खालची बाजू धुऊन काळा रंग मारलेला. मालक म्हणतोय ऑफरोड कधीच नेली नाही.

ग्रीसगन
ऑफरोड न नेणारा रायझर कशाला बसवेल? नेली असेल तर बिघडलं काही नाही, त्यासाठीच गाडी आहे. लपवतोय का हे महत्त्वाचं.

ताजा काळा रंग असेल तर बॅश प्लेटचे (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याचे) बोल्ट काढायला लावा. १० आणि १२ चा पाना सोबत न्या. प्लेटच्या आतल्या बाजूला रंग पोचत नाही, चेप तिथे दिसतात. क्लच कव्हर आणि ब्रेक पेडलचं टोक घासलंय का तेही बघा.

३४ हजारांत चेनसेट एकदा तरी बदललेला असायलाच हवा, अशा वापरात तो १५ ते २५ हजार टिकतो. बिल मागा. ‘कंपनीचाच आहे’ म्हणाला आणि सेट बरा दिसला, तर तो खोटं बोलतोय. फुटपेगची झीज आणि सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी एकमेकांशी जुळतात का बघा.

सगळं ठीक निघालं तरी कोनसेट, दोन्ही चाकांची बेअरिंग, फोर्क सील-ऑइल, चेनसेट, ब्रेक पॅड आणि सर्व फिल्टर मिळून १५ हजार बाजूला ठेवा. ८२ वरून ७५ च्या आसपास आणली की तुमच्या बजेटमध्ये ट्रान्सफर-विम्यासह बसते.

दुसरा_गियर
टायर दोन्ही ट्यूबचे, एवढं लक्षात ठेवा. खिळा घुसला की हवा लगेच जाते, हिंजवडीच्या रस्त्यावर प्लग मारून पुढे जाता येत नाही. दोन टायर लिव्हर, पंप, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मापाचे पाने आणि २१ इंची एक ट्यूब सीटखाली नाहीतर बॅगेत ठेवा. २१ ची ट्यूब अडचणीत मागच्या १८ इंचीतही कोंबून घरापर्यंत येता येतं, उलटं होत नाही.

हवा डांबरावर पुढे २५, मागे २८ पीएसआय. मातीत २० पर्यंत उतरवा, खडकाळ असेल तर त्याखाली नाही. १६-१७ ला ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि एकाच वेळी दोन पंक्चर होतात. परत डांबरावर आल्यावर भरायला विसरू नका, कमी हवेत वळणावर गाडी तरंगते आणि टायरच्या कडा झिजतात.

पुढचा स्प्रॉकेट एक दात लहान करायचा सल्ला बरेच देतील. आधी सहा महिने आहे तसा चालवा. तुमच्या वापरात हायवे जास्त आहे, एक दात कमी केला की ८० लाही आरपीएम वर राहतो आणि रोजचा कंटाळा वाढतो.