पूर आणणं हा नदीचा ‘हेतू’? कुणी ठरवला?

रंकाळाकाठ
काल इथं एकानं लिहिलं, ‘गाळ पसरून रानं सुपीक करणं हा पंचगंगेचा हेतूच आहे, विज्ञान तेच सांगतं.’ विज्ञान एवढंच सांगतं की पाण्याचा वेग कमी झाला की गाळ बसतो. ‘सुपीक’ म्हटलं की तुमचा ऊस आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याशी पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. ही रेघ पाण्याला कळते का? आपण काठाला घरं बांधली, म्हणून धोका. हृदयाचंही तेच. ते रक्त ढकलतं, धडधडतंही. ढकलणं ‘काम’ आणि धडधड नुसता आवाज, ही निवड आपली. जगणं चांगलं, हे आधीच धरून बसलोय आपण.

पोयटा
कालचा तो मीच. नदीपुरतं चुकलं, घ्या. पण हृदय सोडा. ज्यांचं रक्त नीट फिरलं त्यांची पिल्लं जगली, म्हणून आज हृदयं आहेत. धडधडीनं कुणी तगलं नाही. यात चांगलं-वाईट कुठं आलं? म्हशीची गोचीड उपटून बघा एकदा. तोंडाला उलटे काटे असतात, ओढली की तोंड कातडीतच राहतं. ते रुतून बसण्यासाठीच आहे, हे कळायला मला गोचीड आवडावी लागत नाही.

शिरोळकर
धोका आपण ठरवतो म्हणे! २०१९ ला रात्री गोठ्यात छातीएवढं पाणी. विळा सापडेना, दाव्याची गाठ भिजून दगड झालेली. दोन सोडल्या, तिसरी दावणीलाच गेली. या आणि तिला सांगा, रेघ माणसानं मारलीय. आणि बोलायचंच तर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोला. पाण्याची पातळी ५१९.६ मीटरवरनं ५२४.२५६ करायचीय कर्नाटकाला.

रंकाळाकाठ
म्हशीचं वाईट वाटलं. पण पुराच्या अभ्यासासाठी सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही.

शिरोळकर
अहवाल वाचणारे लई भेटले. पुढं उंची वाढली तर काय, ते सांगा की.

पोयटा
अलमट्टीचा वेगळा धागा काढा राव! इथं हृदय चाललंय.

शिरोळकर
तुमचं हृदय कोरड्यात आहे, म्हणून चाललंय.

रंकाळाकाठ
पोयटा, गोचीड अर्धी मान्य. काटे का टिकले, ते तुम्ही सांगितलंत. पण काटे झिजले तर ‘बिघडली’ म्हणाल ना? बिघाड कुणाच्या हिशेबानं? म्हशीच्या हिशेबानं तर बरंच झालं.

पोयटा
गोचिडीच्या हिशेबानं. म्हणजे हिशेब आला, तुम्ही जिंकलात, हार घाला. फक्त तो हिशेब माझा नाही, तिचा आहे. मी निवडलेला नाही.

शिरोळकर
गोचिडीचा हिशेब लागला. आता आमच्या म्हशीचा लावा.